प्राचार्यांच्या हातात नेमकं काय असतं? महाविद्यालयातलं काम, वातावरण आणि व्यवस्थापन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः महाराष्ट्रातल्या अनुदानित, संलग्नित वरिष्ठ महाविद्यालयांत काम करणाऱ्यांसाठी आहे: नव्याने खुर्चीत बसलेले प्राचार्य, विभागप्रमुख, आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयक, ओएस (कार्यालय अधीक्षक), लिपिक आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षकही. यातले काही प्रश्न कार्यशाळेत विचारले जातात, बरेचसे कार्यशाळेनंतर चहाच्या वेळी. नियम कुठला आणि माझं मत कुठलं, हे शक्य तिथे वेगळं ठेवलं आहे.

कर्मचाऱ्यांच्या ‘क्षमता’ म्हणजे शेवटी नेट, सेट, पीएचडीच ना?

ती आत येण्याची अट झाली. आत आल्यावर लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. मराठी माध्यमातून आलेल्या प्रथम वर्षाच्या मुलाला इंग्रजी पाठ्यपुस्तकातली संकल्पना समजावणं, अभ्यासक्रम न चुकवता प्रश्नपत्रिका काढणं, शासन निर्णय शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं, प्रवेशाच्या रांगेत चिडलेल्या पालकाशी आवाज न चढवता बोलणं. यातलं काहीही गुणपत्रिकेवर दिसत नाही. डेव्हिड मॅकलेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच हा मुद्दा मांडला होता: माणूस कामाला कसा ठरेल हे पाहायचं तर चाचण्यांतल्या गुणांवर विसंबू नका, ते काम उत्तम करणारी माणसं नेमकं काय करतात ते बघा.

आपल्याकडचा मूल्यमापनाचा तक्ता मात्र अजून सोप्या गोष्टीच मोजतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार नेमून दिलेल्यांपैकी ८० टक्के किंवा जास्त तास घेतले तर अध्यापन ‘चांगलं’, ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ‘समाधानकारक’ आणि ७० च्या खाली ‘असमाधानकारक’. तास झाला की नाही एवढंच यातून कळतं. तासात काय झालं, ते या तक्त्याला माहीत नाही. म्हणून तो भरावा, पण त्यालाच क्षमतांचा आरसा समजू नये.

नियुक्ती संस्था करते, पगार सरकार देतं, बढती समिती ठरवते. मग प्राचार्यांनी व्यवस्थापन करायचं ते कशाच्या जोरावर?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्यात तथ्यही आहे. कंपनीतल्या व्यवस्थापकाकडे पगारवाढ असते, बोनस असतो, माणूस निवडण्याचा अधिकार असतो. अनुदानित महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे यातलं काहीच नाही. पद भरायचं तर शासनाची ना-हरकत हवी, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम) तपासून हवी, निवड समितीत विद्यापीठाचे प्रतिनिधी हवेत. पगार उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून, म्हणजे ‘जेडी ऑफिस’मधून निघतो. अतिशय मेहनती प्राध्यापक आणि जेमतेम तास उरकणारा प्राध्यापक यांची वार्षिक वेतनवाढ एकाच दिवशी आणि एकाच दराने होते.

मग उरतं काय? माझ्या मते उरते ती वाटणी: कामाची, माहितीची, श्रेयाची आणि वेळेची. परीक्षेचं काम कोणाला, कोणत्या वर्गाला सकाळचा पहिला तास, विद्यापीठाचं परिपत्रक कोणापर्यंत कधी पोचलं, संमेलनाच्या व्यासपीठावर कोणाचं नाव घेतलं गेलं, रजेच्या अर्जावर सही करताना काय बोललं गेलं. हे सगळं शंभर टक्के प्राचार्यांच्या हातात असतं आणि यासाठी जेडी ऑफिसला पत्र पाठवावं लागत नाही. ‘माझ्या हातात काही नाही’ असं म्हणणाऱ्या प्राचार्यांच्या महाविद्यालयात ही वाटणी बहुतेक वेळा दुसरं कोणीतरी करत असतं. कधी ओएस, कधी एखादे ज्येष्ठ विभागप्रमुख, कधी संस्थेच्या कार्यालयातला माणूस.

पुढची बरीचशी उत्तरं या एका मुद्द्याभोवतीच फिरतात, हे आधीच सांगून ठेवतो.

कामाची वाटणी न्याय्य आहे की नाही, हे कसं तपासायचं?

आधी नियमातले आकडे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना १४. एकूण कार्यभार आठवड्याला किमान ४० तास, वर्षात ३० आठवडे म्हणजे १८० अध्यापन दिवस. रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध असणं अपेक्षित आहे. त्याच कलमात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी लागणारी जागा आणि सोयी महाविद्यालयाने पुरवाव्यात असंही म्हटलं आहे. पाच तासांचं वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, जागेचं कोणी काढत नाही. तेरा जणांच्या स्टाफरूममध्ये आठ खुर्च्या असतील तर बायोमेट्रिकवरून वाद घालण्याआधी पाच खुर्च्या आणाव्यात.

खरी विषमता मात्र तासांत नसते, तासांबाहेरच्या कामांत असते. एक साधा उपाय आहे. वर्षभरातल्या सगळ्या समित्या, परीक्षेची जबाबदारी, एनएसएस, प्रवेश समिती, नॅकचे (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचे) निकष, वेबसाइट, शिष्यवृत्ती, क्रीडा महोत्सव असं सगळं एका मोठ्या कागदावर उभं लिहा, आडवी सगळ्यांची नावं लिहा आणि खुणा करा. बहुतेक महाविद्यालयांत चार-पाच नावांखाली खुणांची गर्दी दिसते आणि काही नावांखाली कोरा कागद. कोऱ्या नावांना विचाराल तर उत्तर येतं, ‘आम्हाला कोणी सांगितलंच नाही.’ ते बऱ्याचदा खरंही असतं. जो काम वेळेत करतो त्यालाच पुढचं काम देण्याची सवय प्राचार्यांना लागते आणि काही वर्षांत तो माणूस थकतो, कडवट होतो किंवा दोन्ही.

आणखी एक गोष्ट या कागदावर दिसेल. सांस्कृतिक समिती, स्वागत, रांगोळी, पाहुण्यांचा सत्कार यापुढे मॅडमची नावं, आणि खरेदी, बांधकाम, वित्त यापुढे सरांची. कोणी मुद्दाम केलेलं नसतं, तरी निर्णयाच्या आणि पैशाच्या समित्यांचा अनुभव अर्ध्या स्टाफला कधीच मिळत नाही. पुढे प्राचार्यपदासाठी मुलाखतीला बसताना हाच अनुभव विचारला जातो.

वाटणी ठरली की यादी जूनमध्येच फलकावर लावावी. ऑगस्टमध्ये लावलेली यादी ही तोवर झालेल्या कामांची नोंद असते.

आमच्या ऑफिसमधल्या एकाच लिपिकाला सगळं माहीत आहे. ते रजेवर गेले की काम ठप्प. काय करावं?

ही तक्रार जिथे नाही असं महाविद्यालय क्वचितच सापडेल. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलचा पासवर्ड त्यांच्याकडे, विद्यापीठाच्या परीक्षा पोर्टलचं लॉगिन त्यांच्याकडे, सेवार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीतली वेतनदेयकं तेच करतात, पात्रता अर्जात मागच्या वेळी त्रुटी का निघाली हे फक्त त्यांना ठाऊक. ओटीपी त्यांच्या खासगी मोबाइलवर येतो. ते निवृत्त होतात तेव्हा सत्काराला शाल-श्रीफळ मिळतं आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिस त्यांना फोन लावत बसतं.

याला त्यांची मक्तेदारी म्हणून बघू नका. बहुतेक ठिकाणी शिक्षकेतर पदं वर्षानुवर्षं रिक्त आहेत आणि चार माणसांचं काम एकावर आलेलं असतं. ज्ञान साठवून ठेवणं ही त्या माणसाची एकमेव सुरक्षितता असते. ते काढून घ्यायला गेलात तर तो घट्ट धरून बसेल, आणि त्याचं बरोबर आहे.

करायच्या गोष्टी साध्या आहेत, फक्त चिकाटी लागते. पहिली, सगळी लॉगिनं महाविद्यालयाच्या ईमेलवर आणि महाविद्यालयाच्या नावावरच्या मोबाइल क्रमांकावर आणा. दुसरी, प्रत्येक टेबलाची वर्षभराची दिनदर्शिका लिहून काढा: शिष्यवृत्तीचे अर्ज कधी सुरू होतात, परीक्षा अर्ज कधी, मार्च एंडला काय काय लागतं. ती लिहिताना त्या लिपिकाला बसवा, मजकूर त्यांनी सांगायचा, दुसऱ्याने टंकायचा, आणि खाली त्यांचं नाव घालायचं. नाव घालणं विसरू नका. तिसरी, दरवर्षी निदान एक टेबल बदला, पण प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या हंगामात नाही. टेबल बदलताना जुना आणि नवा माणूस महिनाभर शेजारी बसले पाहिजेत.

शिक्षा म्हणून टेबल बदलणं हा आपल्याकडचा जुना प्रकार आहे. एकदा तसं झालं की पुढे चांगल्या हेतूने केलेली बदलीही शिक्षाच वाटते.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची सोय आहे का?

शिक्षकांच्या तुलनेत फारच तोकडी. विद्यापीठं अधूनमधून एक-दोन दिवसांच्या कार्यशाळा घेतात, त्यात बहुतेक वेळा पोर्टल कसं वापरायचं एवढंच असतं. टिप्पणी लिहिणं, माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देणं, सेवापुस्तकातल्या नोंदी, विद्यार्थ्यांशी बोलणं हे शिकवणारं फारसं कोणी नाही. शेजारची तीन-चार महाविद्यालयं एकत्र आली तर एखाद्या निवृत्त कुलसचिवांना किंवा लेखाधिकाऱ्यांना बोलावून हे सहज करता येतं. प्रयोगशाळा परिचर आणि शिपाई यांना त्यातून वगळू नका. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ल कुठे सांडलं तर पहिला धावतो तो परिचरच.

कार्यसंस्कृती ही मोजायची गोष्ट आहे का?

काही प्रमाणात. भारतात या विषयावर उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी मोठं काम केलं आहे. सत्तरच्या दशकात लार्सन अँड टुब्रोमध्ये मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, तो याच दोघांच्या सल्ल्याने. पारीक यांनी संस्थेच्या वातावरणाच्या आठ बाजू सांगितल्या: मोकळेपणा, अडचणीला सामोरं जाणं, विश्वास, आतबाहेर एक असणं, आपणहून पुढे होणं, स्वायत्तता, सहकार्य आणि प्रयोग करण्याची मुभा. ‘ऑक्टापेस’ या नावाने ती प्रश्नावली ओळखली जाते आणि व्यवस्थापनाच्या एमफिल-पीएचडी प्रबंधांत ती इतकी वापरली गेली आहे की काही प्राध्यापकांना ती भरून भरून पाठ झाली असेल.

पण महाविद्यालयात ती वापरताना एक अडचण येते. तीस-पस्तीस जणांच्या स्टाफमध्ये ‘नाव लिहू नये’ म्हटलेला अर्जही निनावी राहत नाही. विभाग, लिंग आणि सेवेची वर्षं एवढं विचारलंत की तत्त्वज्ञान विभागातल्या एकमेव मॅडम कोण, हे सगळ्यांना कळतं. मग त्या मॅडम प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी चार गुण देऊन मोकळ्या होतात आणि अहवालात वातावरण उत्तम असल्याचं सिद्ध होतं. विचारायचंच असेल तर असे तपशील गाळा, आणि शक्यतो बाहेरच्या माणसाकडून विचारून घ्या.

प्रश्नावलीशिवायही बरंच कळतं. प्राचार्य स्टाफरूममध्ये शिरल्यावर बोलणं थांबतं का? वाईट बातमी, म्हणजे निकाल घसरला, प्रवेश कमी झाले, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, ही प्राचार्यांना कोणाकडून आणि किती दिवसांनी कळते? जिथे ती त्याच दिवशी आणि संबंधित माणसाकडूनच कळते, तिथलं वातावरण ठीक आहे असं मी समजतो.

नॅकमध्ये या सगळ्याला किती गुण असतात?

२०१७ मध्ये आलेल्या पद्धतीत सात निकष आणि एकूण १००० गुण होते. त्यातला सहावा निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन यांचा, त्याला १०० गुण. संलग्नित महाविद्यालयांसाठी अध्यापन-अध्ययनाच्या दुसऱ्या निकषाला ३५०. सहाव्या निकषात दृष्टी आणि नेतृत्व, धोरणांची अंमलबजावणी, शिक्षकांचं सक्षमीकरण, आर्थिक व्यवस्थापन आणि आयक्यूएसी हे भाग येतात.

गुण कमी वाटतात, पण बाकीच्या सहा निकषांची माहिती गोळा होते ती सहाव्या निकषातल्या व्यवस्थेतूनच. ती नसली की काय होतं ते सर्वांना माहीत आहे: पाच वर्षं कोणी काही नोंदवलेलं नसतं आणि शेवटच्या सहा महिन्यांत जुन्या कार्यक्रमांचे फोटो, मागील तारखांची इतिवृत्तं आणि उपस्थितीच्या सह्या जमवण्याची मोहीम निघते. या मोहिमेत तरुण शिक्षक जे शिकतात, ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. कागद तयार करता येतो, हे एकदा कळल्यावर काम करायची गरज काय, असा हिशेब काहीजण मांडतात. आणि तो मांडायला त्यांना वरिष्ठांनीच शिकवलेलं असतं.

सभा भरपूर होतात, ठरत काहीच नाही.

सभेच्या आधी विषयपत्रिका आणि नंतर तीन दिवसांत इतिवृत्त, एवढं पाळलं तरी फरक पडतो. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य लिहिण्यास बंदी घाला. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. विरोधी मत असेल तर तेही एका ओळीत नोंदवा. विरोध नोंदवला गेला की माणूस बहुधा निर्णय मान्य करतो. विरोध पुसला गेला की तोच विरोध स्टाफरूममध्ये येऊन बसतो.

महाविद्यालय विकास समितीत कर्मचाऱ्यांचा आवाज असतो का?

कायद्याने असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार पूर्वीच्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी ही समिती आली. अध्यक्ष संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, सदस्य-सचिव प्राचार्य. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन शिक्षक, त्यात निदान एक महिला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक. आयक्यूएसी समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी आणि शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजकार्य या क्षेत्रांतली स्थानिक माणसंही. वर्षातून किमान चार बैठका.

प्रत्यक्षात ‘निवडलेले’ या शब्दाला बऱ्याच ठिकाणी बगल दिली जाते. नावं आधी ठरतात, मग बिनविरोध निवड झाल्याचं लिहिलं जातं. तुमच्याकडे तसं होत असेल तर भांडणाने सुरुवात करू नका. निवडणुकीची सूचना लेखी काढावी अशी लेखी विनंती करा. कागदाला कागदाने उत्तर द्यावं लागतं.

संस्थाचालक रोजच्या कामात लक्ष घालतात. प्राचार्यांनी काय करावं?

संस्था ही महाविद्यालयाची मालक असते अशी भावना दोन्ही बाजूंना असते आणि काही प्रमाणात इतिहासही तसाच आहे. रयत शिक्षण संस्था असो की गावोगावच्या शिक्षण प्रसारक मंडळी, लोकांनी धान्य, जमिनी आणि वर्गणी देऊन महाविद्यालयं उभी केली. त्या माणसांच्या वारसांना आपुलकी असणार. अडचण होते ती शिपायाची रजाही संस्थेच्या कार्यालयातून मंजूर व्हायला लागली की. त्या दिवसापासून स्टाफ प्राचार्यांकडे जायचं सोडतो आणि थेट ‘वर’ जातो.

अनुभवी प्राचार्य यावर एक युक्ती करतात. संस्थेला महिन्यातून एकदा स्वतःहून लेखी अहवाल पाठवतात: प्रवेश, निकाल, खर्च, येणाऱ्या तपासण्या. बातमी आधीच मिळाली की ती मिळवण्यासाठी लावलेली माणसं निरुपयोगी होतात. हा उपाय सगळीकडे चालत नाही. नेमणुकांतच व्यवहार होत असतील तर अहवालाने काही साधणार नाही, आणि त्याचं उत्तर अशा पानावर मिळणार नाही.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. मला हे सगळं लागू आहे का?

नियमांच्या भाषेत, फारसं नाही. तुमचं मानधन घेतलेल्या तासांवर, सुट्टीत काही नाही. विकास समितीच्या शिक्षक प्रतिनिधींच्या निवडणुकीत मत पूर्णवेळ शिक्षकांना, तुम्हाला नाही. कार्यक्रमांना, नॅकच्या कामाला आणि पर्यवेक्षणाला मात्र तुम्हाला आधी बोलावलं जातं, कारण नाही म्हणण्याची सोय तुम्हाला नसते.

तुमच्यासाठी व्यावहारिक सल्ला असा: दर महिन्याच्या तासांची नोंद स्वतःकडे ठेवा आणि विभागप्रमुखांची सही घ्या. नियुक्तीपत्र, कार्यमुक्तीचं पत्र, विद्यापीठाच्या मान्यतेची प्रत हे सगळं जपून ठेवा, कारण पुढे अनुभव सिद्ध करताना तोंडी काही चालत नाही.

आणि प्राचार्य हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: मानधन वाढवणं तुमच्या हातात नाही. देयक वेळेवर पाठवणं आहे. जुलैचे तास डिसेंबरात पाठवले जातात तेव्हा दोष प्रत्येक वेळी सरकारचा नसतो. स्टाफच्या यादीत त्यांची नावं घालणं, त्यांना बसायला जागा आणि ग्रंथालयाचं कार्ड देणं, यालाही कोणाची मंजुरी लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकराला ‘उद्या सकाळी दहापर्यंत माहिती द्यावी’ असा संदेश येतो.

मूळ पत्र वरून ‘अत्यंत तातडीचे’ म्हणून आलेलं असतं आणि प्राचार्यांनी ते आहे तसं पुढे ढकललेलं असतं. मधल्या माणसाचं काम नेमकं इथेच असतं. वरून आलेल्या माहितीच्या मागण्या वर्षानुवर्षं त्याच असतात: मंजूर पदं, रिक्त पदं, विद्यार्थीसंख्या प्रवर्गनिहाय, निकाल. ही माहिती एका तक्त्यात ठेवून दर तीन महिन्यांनी अद्ययावत केली तर अर्धी तातडी संपते. उरलेल्यासाठी संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर काम टाकायचं नाही असा संकेत ठेवा आणि तो सगळ्यात आधी स्वतः पाळा.

स्टाफमध्ये गट आहेत. जातीचे, गावाचे, संघटनांचे. यावर प्राचार्य काय करू शकतात?

गट मोडायला जाऊ नये. माणसं आपल्या माणसांत बसणार. पण कोणत्या गटात काय मिळतं हे स्टाफ फार बारकाईने बघत असतो. राखीव जागेवर आलेल्या प्राध्यापकाला परीक्षा विभाग किंवा खरेदी समिती वर्षानुवर्षं दिली गेली नसेल, तर त्याला कारण सांगायची गरज पडत नाही, त्याला ते माहीत असतं. वर सांगितलेला तो मोठा कागद इथेही उपयोगी पडतो. जातीवरून केलेली ‘गंमत’ ऐकून प्राचार्य हसले किंवा गप्प बसले, तर त्या महाविद्यालयाचं धोरण तेच ठरतं, भिंतीवर संविधानाची उद्देशिका कितीही मोठी लावलेली असो.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत तक्रार समितीत प्राचार्य किंवा विभागप्रमुख असू शकतात का?

नाही. उच्च शिक्षण संस्थांसाठीच्या २०१५ च्या विनियमांनुसार वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्या व्यक्ती, यात विभागप्रमुखही आले, या समितीचे सदस्य होऊ शकत नाहीत. अध्यक्ष महिला हवी, महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकापेक्षा कमी दर्जाची नको. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी, शिवाय बाहेरचा एक सदस्य. किमान निम्म्या सदस्य महिला. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. अनेक महाविद्यालयांच्या फलकावर अजूनही विभागप्रमुखांची नावं आहेत. आजच बघा.

कॅसची (शिक्षकांच्या बढतीच्या ‘करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम’ची) फाइल रखडली तर तारीख जाते का?

पात्रतेची किमान मुदत पूर्ण होताच अर्ज केला आणि पडताळणीत यशस्वी ठरलात, तर बढती पात्रतेच्या तारखेपासूनच धरली जाते. म्हणून अर्ज वेळेवर करून पोच घेणं सगळ्यात महत्त्वाचं. सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ साठी पीएचडी असल्यास ४ वर्षं, एमफिल असल्यास ५, दोन्ही नसल्यास ६. बढतीसाठी लागणाऱ्या उद्बोधन आणि उजळणी वर्गासाठी सोडताना काही विभागप्रमुख खळखळ करतात. एखाद्याचा वर्ग अडवणं म्हणजे त्याची बढती अडवणं आहे, हे त्यांना माहीत असतं, म्हणूनच खळखळ असते. कोण कोणत्या वर्षी जाणार याचं वेळापत्रक आयक्यूएसीने आधीच केलं तर ही सत्ता कोणाच्याच हातात राहत नाही.

मी प्रभारी प्राचार्य आहे. निर्णय घ्यायचे की दिवस काढायचे?

महाराष्ट्रात प्रभारी हीच अनेक ठिकाणी कायमची अवस्था झाली आहे. पूर्णवेळ प्राचार्यपदासाठी पीएचडी, १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. मुदत ५ वर्षं, विद्यापीठाच्या समितीने कामगिरी तपासली तर आणखी ५. हे निकष संशोधक निवडतात. अंदाजपत्रक वाचता येणारा, भांडण मिटवता येणारा माणूस त्यातून मिळेलच असं नाही, आणि गुण कमी पडलेल्या एखाद्या प्रभारींना ते दोन्ही छान जमतं.

उद्या परत ज्यांच्याशेजारी बसायचं आहे त्यांनाच आज कामं सांगायची, ही तुमची खरी अडचण. म्हणून मोठे निर्णय समितीमार्फत आणि लेखी घ्या, छोटे निर्णय त्याच दिवशी घ्या. फाइल टेबलावर पडून राहणं हे प्रभारीपणाचं लक्षण मानलं जातं. ते एवढं एक टाळलंत तरी लोक ‘प्रभारी’ शब्द विसरतात.

प्राचार्यांना व्यवस्थापन शिकवणारी सोय कुठे आहे?

नवी दिल्लीच्या नीपा, म्हणजे शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत महाविद्यालयीन प्राचार्यांसाठी नेतृत्वाचे कार्यक्रम होतात. पूर्वीची अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं, मग मनुष्यबळ विकास केंद्रं, ती २०२३ पासून मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रं म्हणून ओळखली जातात. पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत अशी केंद्रं आहेत. तिथे जरूर जा. पण बिंदुनामावली, अनुदान निर्धारण आणि सेवानियम यांसाठी शेजारच्या महाविद्यालयातल्या जुन्या ओएसकडे दोन दुपारी बसलात तर जास्त पदरात पडेल.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत पद्धत वेगळी आहे का?

मूल्यमापनात आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१९ मध्ये सर्व बाजूंनी अभिप्राय घेण्याची पद्धत आणली: अध्यापन प्रक्रियेला २५ गुण, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला २५, विभागातल्या कामाला २०, संस्थेतल्या कामाला १०, गोपनीय अहवालाला १० आणि समाजातल्या योगदानाला १०. विभागातल्या कामाला वेगळे गुण असणं मला पटतं. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे २५ गुण मात्र कडक शिक्षकाला महाग पडू शकतात, हे तिथले लोकच सांगतात.

गोव्यातल्या महाविद्यालयांना हे लागू होतं का?

आयोगाचे विनियम, म्हणजे कार्यभार, कॅस, प्राचार्यांची पात्रता, तक्रार समिती, हे तिथेही आहेत. कलम ९७ ची विकास समिती महाराष्ट्राच्या अधिनियमातली आहे, ती गोव्याला लागू नाही. तिथे गोवा विद्यापीठाचे स्वतःचे परिनियम आणि राज्याचं उच्च शिक्षण संचालनालय बघावं.